सारखं काम आणि सारख्या मोलाचं काम

(भिवंडी तालुक्यातील दिघाशी इथे झालेल्या महिला शिबिरातील भाषणाचा मजकूर)

या सत्राचा विषय फळ्यावर लिहिला आहे : 'ब्रिटनमधलं राजकारण आणि आपण'. तो वाचून मागच्या रांगेतल्या काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. हसणं साहजिक आहे. शेतीची कामं, गोदामातली पाळी, अंगणवाडी हे सगळं सांभाळून तुम्ही इथे आलात. लंडनच्या पार्लमेंटात कोण काय बोललं याच्याशी आपला काय संबंध, असं वाटणारच. पण तिकडे कोर्टात, महापालिकांत आणि निवडणुकांच्या प्रचारात जे भांडण चाललं आहे, ते तुमच्या-माझ्या मजुरीचंच आहे. बाई एक काम करते, पुरुष दुसरं काम करतो. मग कोणत्या कामाची किंमत जास्त, हे कोणी ठरवायचं आणि कशावरून ठरवायचं?

आधी आपल्या दाराशी येऊन ठेपलेली गोष्ट सांगते. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात मोठ्या व्यापार करारावर सह्या झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर उद्योगपतींचा ताफा घेऊन मुंबईला आले. करारानुसार भारतातून तिकडे जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या मालावरची, म्हणजे ९९ टक्के प्रकारच्या वस्तूंवरची जकात शून्यावर आणायची आहे. कापडावर आणि कपड्यांवर ती १२ टक्क्यांपर्यंत होती. भिवंडी म्हणजे यंत्रमाग आणि भिवंडी म्हणजे गोदामं. कापड आणि माल जास्त गेला, तर काम इथेही वाढेल अशी आशा दाखवली जाते.

या करारात स्त्री-पुरुष समानतेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, कामगारांच्या हक्कांवर दुसरं आहे. वाचायला चांगलं वाटतं. पण मेख पुढे आहे. जकातीचं वचन एखाद्या देशाने मोडलं, तर दुसऱ्या देशाला तंटा उभा करून दाद मागता येते. समानतेचं वचन मोडलं, तर ती यंत्रणा लागू नाही. तिथे फक्त चर्चा आणि सहकार्य. म्हणजे कापडाला संरक्षण आहे आणि कापडासाठी कांड्या भरणाऱ्या बाईला शुभेच्छा आहेत. ब्रिटनमधल्या बायकांनाही कुठल्या कराराने काही आयतं दिलेलं नाही. त्यांनी काय केलं, हे म्हणूनच समजून घ्यायचं.

बाईने जास्त मजुरी मागितली की मालकाकडे तीन उत्तरं तयार असतात. जगात कुठेही जा, हीच तीन. पहिलं : 'तुझं काम वेगळं, हलकं आहे.' दुसरं : 'बाजारात हाच भाव आहे.' तिसरं : 'पैसे नाहीत.' आपण एकेक उत्तर घेऊ.

पहिलं उत्तर, काम हलकं आहे. लंडनच्या पूर्वेला डॅगनम इथे फोर्डचा मोटारींचा कारखाना होता. तिथे १८७ बायका मोटारींच्या सीटांची कव्हरं शिवायच्या. कंपनीने त्यांना अकुशल कामगारांच्या श्रेणीत टाकलं. शिवण काय, बाईला येतंच, असा हिशेब. जून १९६८ मध्ये या बायकांनी संप केला. सीटांची कव्हरं नाहीत म्हटल्यावर मोटारींचं उत्पादन अडलं. तीन आठवड्यांनी मजूरमंत्री बार्बरा कॅसल मध्ये पडल्या आणि तडजोड झाली. पुढे १९७० मध्ये समान वेतनाचा कायदा झाला आणि २९ डिसेंबर १९७५ पासून तो लागू झाला. पण आमचं काम कुशल आहे, ही जी त्या बायकांची मूळ मागणी होती, ती पुऱ्या व्हायला १९८४ साल उजाडलं आणि आणखी एक संप करावा लागला. पैसे थोडे वाढवून देणं मालकाला सोपं जातं. बाईच्या हातात कसब आहे हे कबूल करणं फार जड जातं.

आता इथे पाहा. भाताच्या लावणीत दिवसभर चिखलात वाकून रोप लावणारी बाई आणि चिखलणी करणारा गडी, यांच्या मजुरीत तुमच्या गावात फरक आहे की नाही? (सभेतून : 'आहे, आहे.') कंबर कोणाची जास्त मोडते? वीटभट्टीवर हजार विटांमागे मजुरी ठरते आणि ती जोडप्याची म्हणून नवऱ्याच्या हातात पडते. माती कालवली दोघांनी, विटा वाहिल्या दोघांनी, हिशेबाच्या वहीत नाव एकाचंच. गोदामात जड खोका उचलणारा पुरुष दिसतो. आठ-दहा तास उभं राहून एकेक वस्तू तपासणारी, वेष्टन करणारी, लेबल लावणारी बाई दिसत नाही. तिची नजर चुकली तर अख्खा माल परत येतो, ती जबाबदारी मात्र तिच्यावरच असते.

इथे कायद्यातली एक बारीक गोष्ट नीट ऐका, कारण आजच्या भाषणाचा गाभा तोच आहे. आपला समान वेतनाचा वटहुकूमही १९७५ सालचाच. तो सप्टेंबरात निघाला, ब्रिटनचा कायदा लागू होण्याच्या आधी तीन महिने. १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. आता तो वेतन संहितेत समाविष्ट झाला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. या सगळ्यात शब्द आहेत 'तेच काम किंवा त्याच स्वरूपाचं काम'. म्हणजे गोदामात लेबल लावणाऱ्या बाईला लेबल लावणाऱ्या पुरुषाइतकं वेतन मिळालं पाहिजे. पण लेबल लावायला पुरुष ठेवलेच नसतील तर? तिने तुलना कोणाशी करायची?

ब्रिटनमध्येही आधी हीच अडचण होती. १९८३ मध्ये त्यांनी कायदा दुरुस्त केला आणि 'सारख्या मोलाचं काम' हे शब्द त्यात आले. काम वेगळं असलं तरी चालेल. दोन्ही कामांना लागणारं कसब, कष्ट, जबाबदारी आणि निर्णय मोजा. मोल सारखं भरलं तर वेतन सारखं द्या. बर्कनहेडच्या जहाजबांधणी कारखान्यात जूली हेवर्ड नावाची स्वयंपाकीण होती. तिने आपली तुलना तिथल्या रंगाऱ्याशी आणि सुताराशी केली. लोक हसले असतील, पोळपाट-लाटणं कुठे आणि जहाज कुठे! पण तज्ज्ञाने दोन्ही कामं मोजली, मोल सारखं भरलं आणि १९८८ मध्ये ती सर्वोच्च पातळीवर खटला जिंकली.

आणि गंमत अशी की 'सारख्या मोलाच्या कामाला सारखं वेतन' हा आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा १९५१ चा ठराव भारताने १९५८ मध्येच मान्य केला आहे. ब्रिटनने तो मान्य केला १९७१ मध्ये. वचन आपण आधी दिलं. कायद्यात ते पुरतं उतरवायचं राहून गेलं.

आपल्याकडे कोणी लढलंच नाही असं समजू नका. मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी ही मूळची ब्रिटिश कंपनी. तिथे ऑड्री डिकॉस्टा लघुलेखिका होत्या. बायका साहेबांच्या खाजगी लघुलेखिका म्हणून नेमायच्या, पुरुष सर्वसाधारण लघुलेखक म्हणून नेमायचे आणि पुरुषांना पगार जास्त द्यायचा, अशी तिथली रीत. कंपनी म्हणाली, काम वेगळं आहे. कंपनी म्हणाली, युनियनशी करार करूनच हे पगार ठरले आहेत. कंपनी हेही म्हणाली की आमची आर्थिक स्थिती बरी नाही. २६ मार्च १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही सबबी फेटाळल्या. करार झाला म्हणून कायदा मोडता येत नाही आणि खिशात खडखडाट आहे म्हणूनही मोडता येत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. त्या निकालपत्रात इंग्लंडमधल्या एका स्वयंपाकिणीच्या खटल्याचा दाखला आहे. ती साहेबांच्या खान्याच्या खोलीत दहा-वीस माणसांचं जेवण करायची आणि तिने तुलना केली होती कारखान्याच्या कँटीनमधल्या दोन पुरुष आचाऱ्यांशी. ती जिंकली, तिचा निकाल मुंबईच्या बाईच्या कामी आला. तिकडच्या बायकांचं भांडण आपलं कसं होतं, ते असं.

आता दुसरं उत्तर, बाजारभावाचं. हे उत्तर ऐकून आपण सगळ्याच गप्प बसतो. बाजाराशी कोण भांडणार? नॉर्थ यॉर्कशायर नावाच्या काउंटीत शाळांमध्ये मुलांना जेवण वाढणाऱ्या बायका होत्या. त्यांच्या कामाचं मोल रस्ते झाडणाऱ्या पुरुषांच्या बरोबरीचं आहे, असं आधीच ठरलेलं होतं. मग सरकारने हुकूम काढला की अशी कामं निविदा काढूनच द्यायची. खाजगी ठेकेदार कमी पैशात बायका आणतो, त्याच्याशी स्पर्धा करायची म्हणून काउंटीने आपल्याच बायकांचे पगार कापले. पुरुषांचे नाही कापले. १९९५ मध्ये त्या खटला जिंकल्या. बाजारात बाई स्वस्त मिळते हीच मुळात विषमता आहे, तिचंच कारण पुढे करून विषमता योग्य ठरवता येणार नाही, हे त्या निकालातून ठरलं.

पण पुढचं ऐका, कारण ते भिवंडीला फार लागू आहे. काही जेवणाचं काम ठेकेदारांकडे गेलं. बायका त्याच, शाळा त्याच, भांडी तीच. ठेकेदाराने पगार कमी केले. बायका पुन्हा कोर्टात गेल्या. २००२ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं, आता तुमचा मालक वेगळा आहे, काउंटीच्या पुरुषांशी तुलना करता येणार नाही. मधे ठेकेदार उभा केला की बाईच्या हातातली मोजपट्टीच जाते. इथल्या गोदामावर पाटी एका कंपनीची, माल दुसऱ्या कंपनीचा आणि तुमची हजेरी तिसऱ्याच ठेकेदाराच्या वहीत असते. मग मजुरी कोणाला विचारायची? ब्रिटनमध्ये आज वाद चालू आहे तो यावरच. २०२४ मध्ये निवडून आलेल्या मजूर पक्षाने कबूल केलं आहे की ठेकेदारी वापरून समान वेतन चुकवण्याची वाट बंद करू. उलट रिफॉर्म यूके या पक्षाने त्याच निवडणुकीत, ज्या २०१० च्या समानता कायद्यात समान वेतनाचा हक्क आहे, तो कायदाच बदलून टाकण्याचं आश्वासन दिलं होतं.

बाजारभावाचा आणखी एक निकाल दुकानदारीतला आहे. नेक्स्ट ही तिकडची कपड्यांची मोठी कंपनी. तिच्या दुकानांत तीन-चतुर्थांशाहून जास्त बायका आणि गोदामांत निम्म्याहून थोडे जास्त पुरुष. गोदामातल्या कामाला तासाचा दर जास्त. कंपनी म्हणाली, गोदामाच्या माणसांचा बाजारभावच तसा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने दुकानातल्या साडेतीन हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. खर्च वाचवून नफा वाढवायचा, एवढं कारण विषम वेतनाला पुरेसं नाही, असं ठरलं. कंपनी अपिलात जाणार म्हणाली. हा लढा सहा वर्षं चालला होता.

तिसरं उत्तर, पैसे नाहीत. त्यासाठी बर्मिंगहॅमला जाऊ. तिथल्या महापालिकेत कचरा उचलणारे, रस्ते झाडणारे, कबरी खणणारे पुरुष आणि स्वयंपाक करणाऱ्या, शाळा झाडणाऱ्या, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायका एकाच श्रेणीत होत्या. पुरुषांना वर मोठे बोनस मिळायचे, बायकांना नाही. २०१० मध्ये चार हजारांहून जास्त बायका न्यायाधिकरणात जिंकल्या. नोकरी सोडून गेलेल्या बायकांनाही सहा वर्षांपर्यंत दावा करता येईल, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१२ मध्ये आला. महापालिकेने वर्षानुवर्षं मिळून शंभर कोटी पौंडांहून जास्त रक्कम दिली. तरी विषमता पुरती काढली नाही. कचरा गाड्यांवरच्या पुरुषांना काम लवकर संपलं की पूर्ण पगारावर घरी जायची मुभा होती, तशी बायकांना नव्हती. नवे दावे उभे राहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये महापालिकेने नवा खर्च थांबवल्याची नोटीस काढली, म्हणजे व्यवहारात दिवाळंच जाहीर केलं. समान वेतनाचं देणं ६५ ते ७६ कोटी पौंड असल्याचा तेव्हाचा अंदाज होता.

दुसऱ्या दिवशी चर्चा काय सुरू झाली? बायकांच्या दाव्यांनी शहर बुडालं! घरपट्टीसारखा तिकडचा कर २०२४ मध्ये जवळजवळ १० टक्के वाढला, २०२५ मध्ये आणखी साडेसात टक्के. ग्रंथालयं, तरुणांची केंद्रं यांना कात्री लागली. २०१० नंतर लंडनच्या सरकारने अनुदानात केलेली मोठी कपात, हिशेबाच्या संगणक यंत्रणेवर वाया गेलेले कोट्यवधी पौंड, हे मात्र लोकांच्या तोंडी बायकांइतकं आलं नाही. मैत्रिणींनो, शहराने त्या स्वयंपाकिणीकडून वीस-तीस वर्षं बिनव्याजी पैसे वापरले. तिने ते परत मागितले. तिला काय म्हणायचं, लुटारू की सावकार? मी तर म्हणेन, ती थकबाकी वसूल करणारी कामगार आहे.

त्याच शहरात २०२५ मध्ये कचरा कामगारांचा मोठा संप झाला. महापालिकेने त्यांच्यातलं एक वरचं पद रद्द केलं आणि एक कारण समान वेतनाचं दिलं. पुरुषांची कमाई घटणार होती. म्हणजे बाईला वर आणण्याऐवजी पुरुषाला खाली ओढायचं आणि त्याला सांगायचं, बघ, हे बायकांमुळे झालं. दोन कामगारांत भांडण लावायची ही जुनी रीत आहे. याबाबतीत आपला कायदा चांगला आहे. समानता आणण्यासाठी कोणाचंही वेतन कमी करता येणार नाही, असं १९७६ च्या कायद्यात होतं आणि वेतन संहितेतही आहे. हे वाक्य घरातल्या पुरुषांनाही सांगा.

ग्लासगोचं उदाहरण त्यांना अजून आवडेल. तिथे ऑक्टोबर २०१८ मध्ये आठ हजारांहून जास्त बायकांनी दोन दिवस संप केला. त्यात घरी जाऊन सेवा करणाऱ्या, सफाईवाल्या, शाळेतल्या स्वयंपाकिणी होत्या. त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा कचरा गाड्यांवरच्या अनेक पुरुषांनी त्यांची ओळ ओलांडून कामावर जायला नकार दिला. २०१९ मध्ये सुमारे ५० कोटी पौंडांची तडजोड झाली. पालिकेने आपल्या इमारती विकून त्याच भाड्याने घेतल्या आणि पैसे उभे केले. द्यायचं ठरलं की वाट निघते.

'पैसे नाहीत' हे आपल्या अंगणवाडीताई रोज ऐकतात. त्यांच्या पैशाला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. जणू त्या हौसेने येतात! ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून जास्त दिवस महाराष्ट्रातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी संप केला तो या शब्दाविरुद्धही होता. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं. ग्लासगोची सेविका आणि इथली सेविका एकाच कारणाने स्वस्त ठरतात. मूल सांभाळणं, म्हातारं माणूस सांभाळणं, रांधणं-वाढणं हे बाई घरात फुकट करते. मग बाहेर त्याची किंमत कोण देणार?

या तिन्ही उत्तरांपुढे गप्प बसायचं नसेल, तर मोजायला शिकलं पाहिजे. जेवणानंतर आपण गट करणार आहोत, तेव्हा हेच करू. एका कागदावर बाईचं एक काम लिहायचं आणि त्याच जागेवरचं पुरुषाचं एक काम. लावणी आणि चिखलणी घ्या. लेबल लावणं आणि खोके चढवणं घ्या. कांड्या भरणं आणि माग चालवणं घ्या. खाली चार रकाने : कसब किती लागतं, कष्ट किती, जबाबदारी किती, जागा कशी आहे. उन्हात की सावलीत, उभ्याने की बसून, पाणी आहे का, संडास आहे का. प्रत्येक रकान्याला गुण द्या. भांडून द्या, पण प्रामाणिकपणे द्या. जिथे पुरुषाचं काम खरोखर जड असेल तिथे त्याला जास्त गुण द्यायला कचरू नका. हमालांनी आपलं ओझं लोकांना दाखवलं, संघटना केली, म्हणून १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. आपल्यालाही आपलं ओझं आधी दिसलं पाहिजे, मग दाखवता येईल.

दुसरं काम, कागद जपायचा. हजेरीची नोंद, पगाराची पावती, ठेकेदाराचं नाव, माल कोणत्या कंपनीचा. पावती देत नसेल तर घरच्या वहीत तारीखवार लिहून ठेवा. ब्रिटनमधल्या बायका सहा-सहा वर्षं मागे जाऊन पैसे मागू शकल्या, त्यांच्या हाती हिशेब होता म्हणून.

तिसरं, मागणीचे शब्द बदलायचे. 'समान कामाला समान वेतन' ही घोषणा आपण कित्येक वर्षं देतो आहोत, यापुढेही देऊ. तिच्या पुढे आता एक ओळ जोडा : 'सारख्या मोलाच्या कामालाही समान वेतन'. वेतन संहितेत हे शब्द घाला, ठेकेदाराच्या आड बसलेल्या मूळ मालकाला जबाबदार धरा, अशी मागणी प्रत्येक ठरावात आली पाहिजे. परदेशाशी करार करताना बायकांची नावं घेता, तर त्या प्रकरणाला दाद मागायची सोयही द्या, हेही लिहा.

हे एका शिबिरात होणारं काम नाही. डॅगनमच्या बायकांना सोळा वर्षं लागली. पण 'हा बाजारभाव आहे' असं कोणी म्हणालं, की खाली मान घालून परत फिरायचं नाही. 'हा भाव कोणी काढला आणि माझं काम मोजलं कोणी,' एवढं विचारायचं. एकटीने विचारलं तर कामावरून काढतील, म्हणून दहाजणींनी मिळून विचारायचं. आता जेवून घेऊ. कागद आणि पेनं पुढच्या टेबलावर ठेवली आहेत. येताना प्रत्येकीने आपलं एक काम मनात धरून या.